फुगडीचा फोटो कुणाचा

मी संशयी बाई आहे. हे सांगायला मला लाज वाटत नाही. वारूळवाडीत फोटो स्टुडिओ चालवायचा आणि भोळं राहायचं, असं जमतंय होय? गिऱ्हाईक दुकानात शिरलं की मी आधी त्याचे हात बघते, मग तोंड. गिऱ्हाइकांच्या तयार अल्बममधून परक्या पोरींचे फोटो काढून खिशात घालणारे चांगल्या घरचे लोक मी पाहिलेत. एकाला तर मी खिसा उलटा करायला लावला होता. तो अजून रस्त्यानं जाताना माझ्या दुकानाकडं बघत नाही, आणि बघूही नये.

स्टुडिओ वडिलांचा. नव्वदच्या दशकात लग्नाचं काम भरपूर असायचं, पण बायकांच्या खोलीत वडिलांना कोण घेणार? हळद, बांगड्या भरणं, डोहाळजेवण, सगळं दाराआड. म्हणून कॅमेरा माझ्या गळ्यात आला. मी बाई म्हणून मला आत घ्यायचे. नारायणगावापासून पार पेठ गावापर्यंत माझ्यासाठी दारं उघडायची, आणि मी आत गेले की कडी लागायची. त्या कडीवरच माझं पोट चालायचं. दुसरे फोटोवाले माझ्यापेक्षा स्वस्त होते, त्यांच्याकडं गाडी होती, लाईट होते. माझ्याकडं एवढंच होतं की बायका मला आत घेत.

आत घेत, पण काम झालं की सगळं मागून घेत. आमच्याकडं रीतच होती तशी. अल्बम न्यायला आले की निगेटिव्हसुद्धा न्यायची. नुसती न्यायची नाही, उजेडात धरून एकेक पट्टी बघायची, मधली एखादी कापून ठेवली नाही ना म्हणून. आपल्या घरची बाई दुकानाच्या खणात राहता कामा नये. निगेटिव्ह घरी गेली की फोटो घरी गेला, हे अगदी पक्कं होतं, आणि तेव्हा ते खरंही होतं.

मग डिजिटल कॅमेरा आला. निगेटिव्ह राहिली नाही, लोक कावरेबावरे झाले. "मंग आमी न्यायचं काय?" मी सीडी द्यायला लागले आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. चकचकीत, गोल, हातात धरता येणारी वस्तू. निगेटिव्ह गेली, तिच्या जागी ही आली, असं सगळ्यांनी धरून टाकलं. घरात कंप्युटरचा पत्ता नाही, सीडी लावायची कशात हे माहीत नाही, पण ती पातळात गुंडाळून कपाटात जायची. कुलूप लावलं की फोटो घरात. माझ्या दुकानातल्या कंप्युटरात सगळेच्या सगळे तसेच असायचे, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. पुसायला बसायचे, पण हळदीनं माखलेली एखादी पोर समोर यायची आणि माझ्याच्यानं पुसवायचं नाही.

नेटवर फोटो द्यायचं खूळ त्याच सुमाराला लागलं. पुण्याहून एका वेबसाइटवाल्याचा फोन आला, गावाकडचे फोटो पाहिजेत म्हणाला. टोमॅटोचा बाजार, द्राक्षाचे मांडव, मेंढ्या बसवलेलं वावर. मी म्हणाले, देते, किती देणार? तो म्हणाला, "ताई, खाली तुमचं नाव टाकू ना!" बरं, नाव टाकणार. नावावर गॅसचं सिलिंडर मिळतं का कुठं? मी फोन ठेवला.

पण मग दर ठरवायचा कसा, हे मलाही कळेना. कागदावरचा फोटो सोपा, कागदाचा आकार बघायचा आणि पैसे सांगायचे. पडद्यावरच्या फोटोला ना कागद, ना वजन. शेवटी मला वाट सापडली ती आमच्या शेजाऱ्याच्या बांधावर. त्यानं जमीन खंडानं, म्हणजे ठरलेल्या पैशांवर हंगामापुरती कसायला, दिली होती. म्हटलं, हेच! फोटो विकायचा नाही, खंडानं द्यायचा. एका हंगामासाठी, एका जागेवर. हंगाम संपला की उतरवायचा, नाहीतर पुन्हा खंड भरायचा. ज्यानं खंडानं घेतला त्यानं दुसऱ्याला परस्पर द्यायचा नाही. मोठा लावला तर जास्त, कोपऱ्यात लावला तर कमी. पुण्याच्या माणसाला हे सांगितलं तेव्हा तो हसला, पण त्याला बरोबर कळलं, आणि त्यानं पैसे पाठवले.

आणि चोऱ्याही सुरू झाल्या. मी आठवड्याला नारायणगावच्या सायबर कॅफेत जाऊन बसायची आणि आपले फोटो कुठं कुठं गेलेत ते शोधायची. एका बियाणंवाल्याच्या साइटवर माझाच टोमॅटोचा क्रेट. ओळखला कसा? क्रेटाची एक मूठ तुटलेली आणि मागं माझ्या मावसभावाचा पाय. पानाची प्रिंट काढली आणि फोन लावला. म्हणतो कसा, "नेटवर व्हता मॅडम, म्हणून घेतला." मी म्हणाले, "रस्त्याच्या कडंला द्राक्षं असतात, म्हणून गाडी थांबवून घड तोडता का?" त्याला बिल पाठवलं, दुप्पट लावून. आठ दिवस कां-कू केली आणि भरलं. तेव्हापासून सगळीकडं बोभाटा झाला, की फोटोवाली बाई इंटरनेटला फोटो विकते. पुढं ह्या बोभाट्यानंच माझा घात केला.

निरगुडसरच्या एका घरचं डोहाळजेवण मी केलं होतं. घर जुनं, जमीनजुमला राखून असलेलं, माणसं करारी. घरात सासू, तिचा एकुलता मुलगा आणि सून. सासू तरणी असताना विधवा झालेली, मुलगा तेव्हा मांडीवर होता. सुनेला हिरवी साडी, फुलांचे दागिने, सवाष्णी ओटी भरतायत, गाणी चाललीयत, आणि म्हातारी रीतीप्रमाणं बाजूला, भिंतीला टेकून. सगळं बघायचं, हात लावायचा नाही. मी पुष्कळ घरांत पाहिलंय ते. दर वेळी माझ्या मस्तकात तिडीक जाते, पण मी फोटो काढायला गेलेली असते, बोलायला नाही.

दार बंद होतं. गाणी संपली, फुगड्या सुरू झाल्या. आणि सुनेनं एकाएकी आपल्या अंबाड्यातला गजरा काढला, तो सासूच्या डोक्यात खोवला आणि म्हणाली, "आत्याबाई, आता तुमी." म्हातारी "अगं येडी का काय!" म्हणतीय तोवर एका शेजारणीनं तिला ओढलंच. तिनं एकदा दाराकडं बघितलं, कडी आहे याची खात्री केली, आणि पदर खोचला. अहो, काय फुगडी घातली त्या बाईनं! पदर सुटला, गजरा कानावर आला, एका बाजूचे दात नाहीत, तरी तोंड उघडून हसतीय. मी एकच फोटो घेतला, पण तसा फोटो मला आयुष्यात पुन्हा मिळाला नाही.

अल्बम करताना सून म्हणाली, "हा नगं लावू ताई, ह्यांनी बघितला तर घर डोक्यावर घेतील. सीडीत राहू दे." मी सीडीत ठेवला. सीडी म्हातारीच्या कपाटात गेली, किल्ली म्हातारीच्या कमरेला.

त्यानंतर काही महिन्यांनी, बाळंतीण माहेराहून परत आल्यावर, तिचा नवरा माझ्या दुकानात आला. राम राम नाही की बसणं नाही. शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. पुण्यात नोकरीला असलेल्या भावकीतल्या कुणीतरी त्याला आणून दिला होता. पुण्यातल्या कुठल्याशा वेबसाइटच्या पानाची ती प्रिंट होती. मला दाखवताना त्यानं अंगठा फोटोवर असा धरला होता की आईचं तोंड झाकलं जावं.

"ताई, ह्ये काय हाय?"

मी त्याचा अंगठा बाजूला केला. फुगडीचा फोटो. खाली माझं नाव नाही, कुणाचंच नाही.

"मी नाही दिला," मी म्हणाले.

"मंग कुनी दिला? सीडी कपाटात हाय. मी सोता बघितली. कुलूप तसंच हाय. सीडी घरात आन फोटो साऱ्या जगात? तुमी इंटरनेटला फोटो इकता, सगळ्यांला म्हाईत हाय." त्याचा आवाज चढला आणि मधेच फाटला. "माझ्या आईनं उभ्या जन्मात पदर ढळू दिला न्हाई, ताई. तिला असं... गजरा घालून..." जाताना म्हणाला, "ह्यो उतरला पायजे. न्हाईतर मी सप्त्यात उभा राहून सांगीन, हिला घरात घेऊ नका म्हनून."

तो गेला. हरिनाम सप्त्याला सगळी पंचक्रोशी जमते; तिथं बोलला तर संपलंच. कुठल्या घरची कडी माझ्यासाठी निघणार होती मग? तालुक्यातल्या सगळ्या बायका म्हणणार, हिनं आमचे पण विकले असतील. आणि मी काय सांगणार? माझ्याकडं नाहीतच, असं म्हणायची सोय नव्हती. होते ना सगळे.

मग माझं डोकं चाललं, म्हणजे माझं जसं चालतं तसंच. पहिला संशय सायबर कॅफेवाल्यावर. त्या वेळी माझ्या कंप्युटरचा सीडी रायटर बिघडला होता आणि ती सीडी मी त्याच्याकडून करून घेतली होती. तडक गेले आणि दारातूनच सुरू केलं. तो बिचारा चहा पीत होता. "ताई, देवाशप्पत, मला बायकांच्या फुगड्या ठेवून करायचं काय?" मी त्याचे तिन्ही कंप्युटर उघडायला लावले. सिनेमाची गाणी निघाली, पोरांचे निकाल निघाले, माझं काही निघालं नाही. तरी माझा विश्वास बसला नाही. मग वाटलं, तो भावकीतला, ज्यानं कागद आणून दिला, त्यानंच लावला असणार. जमिनीचे वाद काय कमी असतात? मग वाटलं, म्हातारीचा मुलगाच. माझे आधीचे पैसे बुडवायला. पण त्यानं तर पै न पै आधीच दिली होती. असा मी रात्रंदिवस एकेकाला फासावर चढवत होते.

वेबसाइटवर फोन नंबर होता. तिथल्या संपादकाला मी नेहमीच्या ठेवणीतल्या आवाजात सुनावलं. फोटो माझा आहे, मला विचारलेलं नाही, आजच्या आज उतरवा, नाहीतर वकिलाची नोटीस येईल. वकील माझ्याकडं नव्हता, पण त्याला काय माहीत. तो माणूस घाबरला आणि नम्र झाला. म्हणाला, गावाकडचे फोटो पाठवा असं आम्ही वाचकांना सांगितलं होतं, एका वाचकानं मेल केला. कोण ते सांगता येणार नाही.

"पण मॅडम," तो म्हणाला, "उतरवायला नका सांगू ना. लोकांना फार आवडलाय हो. आम्ही पैसे देतो. तुमचा जो दर असेल तो सांगा."

जो दर असेल तो! पुण्याच्या माणसानं आपण होऊन हे म्हणावं, म्हणून मी किती वर्षं भांडत होते. आणि म्हणाला तो नेमका ह्या फोटोला. "हा खंडानं द्यायचा नाही," मी म्हणाले. त्याला खंड म्हणजे काय ते कळलं नाही. संध्याकाळपर्यंत फोटो उतरला.

दुसऱ्या दिवशी मी त्या पानाची प्रिंट घेऊन निरगुडसरला गेले. फोटो होता तिथं पांढरं पान आलं होतं. नसलेल्या फोटोची प्रिंट काढणारी मी पहिलीच बाई असेन. मुलानं ती उलटसुलट करून बघितली. त्याच्या खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं दिसलं. "बसा ताई, च्या घ्या," म्हणाला. मग आत वळून ओरडला, "आई, ती सीडी आन."

म्हातारीनं कमरेची किल्ली काढली, कपाट उघडलं, पातळाची घडी उलगडली आणि सीडी त्याच्या हातात दिली. त्यानं ती गुडघ्यावर धरून मोडली. तुकडे उडाले, एक माझ्या पायाशी आला. "संपलं," तो म्हणाला. "आता फोटोच न्हाई कुटं." सून चुलीपाशी होती, तिनं मान वर केली नाही. मी चहा प्यायले. फोटो माझ्या दुकानातल्या कंप्युटरात तसाच होता.

मुलगा मोटर चालू करायला विहिरीवर गेला. मी निघाले तर म्हातारी माझ्यामागं पार बांधापर्यंत आली.

"कशाला उतरवलास गं?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "मावशी, तुमच्या मुलानंच..."

"त्याला काय इचारायचं? फोटु त्याचा व्हता का माझा?" ती कंबरेवर हात ठेवून उभी होती. "मीच दिली व्हती शीडी सुनंला, म्हायेरी जाताना; येताना तिनं परत आनली. तिचा भाऊ पुन्याला शिकतो. त्यो म्हनला, तितं लावला का लई लोकं बगत्यात. म्हनलं, बगू दे. ह्या घरात तर कुनी बगनार न्हाई. पोरगं येवडं व्हतं तवापास्नं मी भितीला टेकून बसलीय. येक डाव हासले, तर त्ये बी दार लावून." तिचे डोळे भरले आणि ती चिडली, माझ्यावर का स्वतःवर, कळलं नाही. "तू खेचलास तवा मला इचारलं न्हाई. त्यानं मोडला तवा मला इचारलं न्हाई. सगळी माझी अब्रू संबाळाया निगालीत!"

एवढे संशय घेतले मी, पण फोटोतल्या बाईवर घ्यायचं मला सुचलं नव्हतं.

मग ती जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "तुझ्याकडं ऱ्हायलाय का त्यो?"

खरं सांगते, त्या क्षणीसुद्धा माझ्या मनात पाल चुकचुकली. मुलानंच पाठवलं असेल हिला, माझ्या तोंडून काढून घ्यायला. हो म्हटलं तर माझी भाकरी गेली. मी विहिरीकडं बघितलं. तो दूर होता, पाठमोरा. मी म्हातारीकडं बघितलं. ती माझ्याकडं अशी बघत होती की माझ्या तोंडून निघूनच गेलं, "आहे मावशी."

तिनं श्वास सोडला. "मंग ठिव. आता नगं. मी गेल्याव भितीवर लावायला त्योच दे. आन मोठा कर."

त्यानंतर ती बरीच वर्षं जगली. मी अधूनमधून निरगुडसरला कामाला जायची, ती भिंतीला टेकून बसलेली असायची, आम्ही एकमेकींकडं बघायचो आणि काही बोलायचो नाही. गेल्याचा निरोप सुनेनं पाठवला. मी फोटो मोठा केला, चांगल्या फ्रेममध्ये बसवला आणि दशक्रियेच्या दिवशी वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन गेले. वाटेत दोनदा वाटलं, परत फिरावं.

माणसं घाटावरून परत आली होती. ओसरीत बायका दाटीनं बसल्या होत्या, त्यातल्या निम्म्या घरांत मी कॅमेरा घेऊन गेलेली. मुलानं मतदान कार्डावरचा फोटो मोठा करून खुर्चीवर ठेवला होता. पुसट, करडा, ओळखू न येणारा. मी कागद सोडला आणि फ्रेम त्याच्या हातात दिली.

तो बघतच राहिला. गजरा, पदर, उघडं तोंड. "ह्यो तर मी मोडला व्हता," तो म्हणाला.

"सीडी मोडली होती, दादा. फोटो माझ्या कंप्युटरमध्ये होता. मावशींनी सांगितलं होतं, त्या गेल्यावर हाच द्यायचा."

"आत्याबाईंनी मला बी सांगितलं व्हतं," सून दारातून म्हणाली. नवऱ्याशी एवढ्या मोठ्यानं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. शर्टाच्या बाहीनं त्यानं काच पुसली, पुन्हा पुसली, आणि तो खाली बसला, फ्रेम मांडीवर घेऊन.

कोपऱ्यातून एका बाईनं विचारलं, "म्हंजी ताई, सीडी दिल्याव बी तुझ्याकडं ऱ्हातंय व्हय? आमच्या बी घरचं?"

आता आलं, मी मनात म्हटलं. ज्या प्रश्नाला मी इतकी वर्षं भीत होते तो असा भर ओसरीत आला. चपला कुठं काढल्यात ते मी बघून घेतलं. "राहतं," मी म्हणाले. "सगळ्यांचंच आहे."

ती बाई उठली आणि बायकांच्या मधून वाट काढत माझ्यापर्यंत आली. मी तिला ओळखलं. तिच्या थोरल्या पोरीची हळद मी केली होती, आणि ती पोर पुढच्याच वर्षी बाळंतपणात गेली होती.

"सगळं तिच्यासंगं सासरी गेलं, त्यांनी काईच परत दिलं न्हाई गं. अल्बम न्हाई, शीडी न्हाई," ती म्हणाली. "हाय का माझी पोर तुझ्याकडं?"

मी विचारलं, कुठल्या साली होतं लग्न? तिला साल आठवेना. तिनं माझं मनगट घट्ट धरलं. "हिरवा चुडा व्हता तिच्या हातात," ती म्हणाली. "बग ना, घावंल."